हक्क धान्याचा, मेहेरबानी जेवणाची

अटलबिहारी वाजपेयी यांच्या जयंतीदिनी, २५ डिसेंबर २०२५ रोजी, राजधानी दिल्लीत ‘अटल कँटीन’ सुरू झाली. पाच रुपयांत डाळ, भात, पोळी आणि भाजी असा हा बेत. रेखा गुप्ता सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात अशा शंभर कँटीनसाठी शंभर कोटी रुपयांची तरतूद केली होती. त्यांपैकी ४५ कँटीनचे उद्घाटन त्या दिवशी झाले. दिल्लीला ही कल्पना नवी नव्हती. शीला दीक्षित यांच्या कारकिर्दीत, २०१० मध्ये, पंधरा रुपयांत जेवण देणारी ‘जन आहार’ योजना आली. २०१५ मध्ये आम आदमी पक्षाच्या सरकारने ‘आम आदमी कँटीन’ची घोषणा केली, ती रुजली नाही. तीन पक्षांची तीन सरकारे, तीन नावे आणि कल्पना मात्र एकच.

अशा खिडकीसमोर रांगेत उभी राहणारी माणसे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. हमाल, रिक्षाचालक, बांधकाम मजूर, शिक्षणासाठी वा कामासाठी शहरात आलेले तरुण हा पहिला प्रकार. त्यांच्यासाठी स्वस्त जेवण ही मोठी सोय आहे. तथापि, ती नसेल तर ते काटकसर करून दुसरीकडे जेवतात. दुसऱ्या प्रकारात पदपथावर राहणारा वृद्ध येतो, घरच्यांनी वाऱ्यावर सोडलेली विधवा येते, अपंगत्वामुळे वा मानसिक आजारामुळे कामही गेले आणि घरही सुटले अशी माणसे येतात. त्यांना ही खिडकी बंद झाली तर पर्याय उरत नाही. राजकीय चर्चा बहुतेक वेळा पहिल्या प्रकाराभोवती फिरते, कारण तो मतदार म्हणून संघटित आहे. या योजनांच्या भवितव्याचा प्रश्न मात्र खऱ्या अर्थाने दुसऱ्या प्रकाराचा आहे.

हा प्रश्न उभा राहतो तो कायद्यातल्या एका पोकळीमुळे. भारतात बालकाला आणि गर्भवती वा स्तनदा मातेला जेवणाचा कायदेशीर हक्क आहे. शिधापत्रिकाधारक प्रौढाला धान्याचा हक्क आहे. परंतु ज्याच्याकडे चूल नाही, किंवा चूल आहे पण ती पेटवण्याइतकी ताकद अंगात नाही, अशा प्रौढाला शिजवलेल्या अन्नाचा हक्क देशपातळीवरील कोणताही कायदा देत नाही. ही पोकळी अनवधानाने राहिलेली नाही. ती भरून काढणारी कलमे एकेकाळी संसदेसमोर होती.

गळालेली कलमे

राष्ट्रीय अन्नसुरक्षा विधेयक २२ डिसेंबर २०११ रोजी तत्कालीन अन्नमंत्री के. व्ही. थॉमस यांनी लोकसभेत मांडले. त्या विधेयकात ‘विशेष गटां’साठी स्वतंत्र तरतुदी होत्या. प्रत्येक निराधार व्यक्तीला दिवसातून किमान एक जेवण विनामूल्य मिळावे आणि बेघरांना सामुदायिक स्वयंपाकघरांतून परवडणाऱ्या दरात जेवण मिळावे, अशी तरतूद त्यात होती. आपत्तिग्रस्तांसाठी आणि उपासमारीच्या अवस्थेतील व्यक्तींसाठीही स्वतंत्र कलमे होती.

विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेले. नागपूरचे तत्कालीन खासदार विलास मुत्तेमवार समितीचे अध्यक्ष होते. समितीचा अहवाल जानेवारी २०१३ मध्ये आला. त्यानंतर देशभर चर्चा रंगली ती किती टक्के लोकसंख्येला, किती किलो धान्य, कोणत्या दराने द्यायचे याची. केंद्र आणि राज्ये यांच्यात खर्चाचे वाटप कसे व्हायचे, शेतमालाच्या हमीभावावर काय परिणाम होणार, अनुदानाचा बोजा किती वाढणार, या प्रश्नांनी वर्तमानपत्रांची पाने भरली. ५ जुलै २०१३ रोजी वटहुकूम निघाला तेव्हा निराधार आणि बेघर यांच्या जेवणाची कलमे त्यात नव्हती. २६ ऑगस्टच्या रात्री लोकसभेने आणि २ सप्टेंबरला राज्यसभेने विधेयक मंजूर केले. दुरुस्त्या शेकड्यांनी मांडल्या गेल्या होत्या. सत्तारूढ पक्ष ऐतिहासिक कायद्याचे श्रेय घेत होता आणि विरोधक त्यातल्या उणिवांवर बोट ठेवत होते. ताटातून गेलेल्या एका जेवणासाठी कोणत्याही पक्षाने सभागृह अडवून धरले नाही.

याचे राजकीय कारण समजण्यासारखे आहे. ज्यांच्यासाठी ही कलमे होती त्यांच्यापैकी अनेकांकडे पत्ता नाही, म्हणून शिधापत्रिका नाही आणि पुष्कळदा मतदार यादीत नावही नाही. प्रशासकीय कारणही होते. धान्याच्या वाटपासाठी भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांपासून रास्त भाव दुकानांपर्यंतची यंत्रणा अनेक दशके उभी आहे. शिजवलेल्या अन्नासाठी शाळा आणि अंगणवाडी या दोन जागा आहेत. त्या दोन्हींच्या दारात प्रौढाला प्रवेश नाही. ते जेवण कोण शिजवणार, कुठे वाढणार आणि पैसे कोण देणार, याचे उत्तर केंद्राकडे नव्हते. उत्तर शोधण्यापेक्षा प्रश्न वगळणे सोपे ठरले.

कायदा झाला आणि त्याची व्याप्तीही मोठी आहे. ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकसंख्या, म्हणजे सुमारे ८१ कोटी माणसे त्याच्या कक्षेत येतात. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य पूर्णतः मोफत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षे ते मोफत राहील, असा केंद्राचा निर्णय आहे. दरडोई पाच किलो गहू वा तांदूळ घरात येणे ही लहान गोष्ट नव्हे. पण धान्य दळावे लागते, निवडावे लागते, शिजवावे लागते. त्याला इंधन, मीठ, तेल लागते. ऐंशी वर्षांच्या एकट्या माणसासाठी पाच किलो तांदळाची पिशवी दुकानातून घरी आणणे हेच एक काम होऊन बसते. अंगठ्याचे ठसे पुसट झाल्यामुळे यंत्राने ओळख नाकारली तर तेवढेही पदरात पडत नाही. सवलतीच्या कँटीनचे सर्वांत मोठे बळ इथेच आहे. तिथे कोणी कार्ड मागत नाही.

न्यायालयाचे दार

संसदेत जे मिळाले नाही ते न्यायालयातून मिळेल, अशी आशा अनेकांना होती आणि तिला आधारही होता. ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या संघटनेने एप्रिल २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. सरकारी गोदामे धान्याने भरलेली असताना देशात उपासमार कशी, हा तिचा मूळ सवाल होता. २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने दिलेल्या आदेशाने अनेक सरकारी योजनांना हक्काचे स्वरूप दिले. शाळेतील शिजवलेले माध्यान्ह भोजन देशभर अनिवार्य झाले ते या आदेशामुळेच. वृद्धांसाठीची निवृत्तिवेतन योजना आणि ‘अन्नपूर्णा’ योजनाही त्या आदेशात होत्या. ‘अन्नपूर्णा’ ही निवृत्तिवेतनास पात्र असूनही ते न मिळणाऱ्या वृद्धांना महिन्याला दहा किलो धान्य मोफत देणारी योजना. वृद्धांच्या बाबतीत न्यायालयही धान्य आणि रोख रक्कम यांच्यापुढे गेले नाही, कारण राबवण्यासाठी समोर तेवढ्याच योजना होत्या.

करोनाच्या काळात स्थलांतरित मजुरांच्या हालअपेष्टांची न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २९ जून २०२१ च्या निकालात, जिथे मजूर मोठ्या संख्येने आहेत तिथे साथ असेपर्यंत सामुदायिक स्वयंपाकघरे चालवावीत, असे राज्यांना बजावले. त्याआधीच, २०१९ मध्ये, देशभर सामुदायिक स्वयंपाकघरांचे धोरण आखावे अशी मागणी करणारी एक स्वतंत्र याचिका दाखल झाली होती. ती ‘अनुन धवन विरुद्ध भारत सरकार’ या नावाने ओळखली जाते. नोव्हेंबर २०२१ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांच्या खंडपीठाने या प्रकरणी केंद्राच्या संथपणाबद्दल नाराजी व्यक्त केली. केंद्राने त्याच महिन्यात राज्यांच्या अन्नमंत्र्यांची बैठक बोलावली. आदर्श योजनेचा आराखडा तयार होईल असे चित्र उभे राहिले.

२२ फेब्रुवारी २०२४ रोजी न्या. बेला त्रिवेदी आणि न्या. पंकज मित्तल यांच्या खंडपीठाने याचिका निकाली काढली. अन्नसुरक्षा कायदा आणि इतर कल्याणकारी योजना अमलात असताना सामुदायिक स्वयंपाकघरे चालवाच असा आदेश देण्यास न्यायालयाने नकार दिला. धोरणाच्या शहाणपणाची तपासणी करणे हे न्यायालयाचे काम नव्हे, राज्यांना अशा पर्यायांचा विचार करण्याची मुभा आहे, असे निकालात म्हटले. कायद्याच्या दृष्टीने ही भूमिका सुसंगत होती. परिणाम मात्र असा झाला की, २०१३ मध्ये ज्या कायद्यातून हे जेवण वगळले गेले तोच कायदा २०२४ मध्ये या जेवणाची सक्ती न करण्याचे कारण ठरला. चेंडू पुन्हा राज्यांच्या आणि पर्यायाने महापालिकांच्या अंगणात आला.

सरकार बदलते, पाटी बदलते

महापालिकेने चालवलेल्या जेवणाचे देशातील सर्वांत ठळक उदाहरण चेन्नईचे आहे. १९ फेब्रुवारी २०१३ रोजी जयललिता यांनी ‘अम्मा उणवगम’चे उद्घाटन केले. एक रुपयाला इडली, पाच रुपयांना सांबारभात, तीन रुपयांना दहीभात असे दर ठेवले. ही उपाहारगृहे चेन्नई महापालिका चालवते आणि तिथे स्वयंपाकाला महिला बचत गट आहेत. उत्पन्न आणि खर्च यांतील मोठी तफावत महापालिकेच्या तिजोरीतून भरली जाते. मे २०२१ मध्ये द्रमुक सत्तेवर येताच काही कार्यकर्त्यांनी एका उपाहारगृहाची मोडतोड केली. तेव्हा स्टॅलिन यांनी त्यांच्यावर कारवाईचे आदेश दिले आणि पाटी होती तशीच ठेवली. जुलै २०२४ मध्ये तर त्यांनी स्वतः एका अम्मा उपाहारगृहाला भेट देऊन दुरुस्ती आणि नव्या भांड्यांसाठी २१ कोटी रुपये मंजूर केले. तमिळनाडूतील द्रमुक-अण्णा द्रमुक वैर लक्षात घेता हा समंजसपणा दुर्मीळ म्हणावा लागेल.

अन्य राज्यांना तेवढे साधले नाही. आंध्र प्रदेशात चंद्राबाबू नायडू सरकारने जुलै २०१८ मध्ये ‘अण्णा कँटीन’ सुरू केली. २०१९ मध्ये सत्तांतर झाले आणि जगन मोहन रेड्डी सरकारच्या काळात ती बंद पडली. नायडू पुन्हा सत्तेवर आल्यावर १५ ऑगस्ट २०२४ पासून ती पुन्हा उघडली. मधली पाच वर्षे तिथे जेवणारा माणूस कुठे गेला, याची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही. राजस्थानात वसुंधराराजे यांनी डिसेंबर २०१६ मध्ये ‘अन्नपूर्णा रसोई’ सुरू केली. अशोक गेहलोत यांनी ऑगस्ट २०२० मध्ये ‘इंदिरा रसोई’ आणली आणि जानेवारी २०२४ मध्ये भाजप सरकारने तिचे नाव पुन्हा ‘अन्नपूर्णा’ केले. बंगळुरूत ऑगस्ट २०१७ मध्ये ‘इंदिरा कँटीन’ सुरू झाली. न्याहारी पाच रुपये, जेवण दहा रुपये. राज्य सरकार आणि महापालिका यांच्यात खर्चाचा भार कोणी किती उचलायचा हा वाद तिच्या पाठीशी लागला. २०२५ मध्ये बंगळुरूच्या एका महापालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या आणि त्या वादाला आणखी चार वाटेकरी मिळाले.

महाराष्ट्राला हा अनुभव सर्वांत जुना आहे. १९९५ मध्ये युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली. सत्तांतरानंतर अनुदान थांबले तेव्हा अनेक केंद्रे बंद पडली आणि काही ठिकाणी त्याच जागेत दुसरेच धंदे उभे राहिले. २६ जानेवारी २०२० रोजी महाविकास आघाडी सरकारने ‘शिवभोजन’ थाळी आणली. ग्राहकाला दहा रुपये आणि शहरात थाळीचा हिशेब पन्नास रुपयांचा, ग्रामीण भागात पस्तीस रुपयांचा. वरची रक्कम सरकारची. करोनाकाळात ही थाळी आधी पाच रुपयांत आणि नंतर काही महिने मोफत दिली गेली. त्या दिवसांत तिने अनेकांना तारले. पुढे अनुदान थकल्याच्या तक्रारी केंद्रचालकांनी वेळोवेळी केल्या. केंद्र चालवणारा छोटा व्यावसायिक वा बचत गट किराणा उधारीवर आणतो. दोन-तीन महिन्यांची देयके अडकली की आधी भाजी पातळ होते, मग पोळीचा आकार लहान होतो आणि शेवटी कुलूप लागते. योजना बंद करण्याचा आदेश कोणत्याही सरकारला काढावा लागत नाही.

या सर्व राज्यांचा इतिहास एकत्र ठेवला तर एक समान सूत्र दिसते. प्रत्येक ठिकाणी योजना शासकीय निर्णयाने आली आणि तिच्यामागे विधिमंडळाचा कायदा नव्हता. तिला नेत्याचे वा श्रद्धास्थानाचे नाव मिळाले, त्यामुळे ती चालवणे हा पुढच्या सरकारला प्रतिस्पर्ध्याचा प्रचार वाटू लागला. आणि खर्चाची तरतूद वर्षागणिक होत राहिली. मेहेरबानी म्हणून वाढलेले ताट काढून घेताना कोणाला कारण द्यावे लागत नाही.

खिडकीपर्यंत न पोचणारे

आतापर्यंतची चर्चा जो माणूस चालत खिडकीपर्यंत येऊ शकतो त्याच्याबद्दल झाली. जो उठूच शकत नाही, त्याच्यासाठी यांतील बहुतेक योजनांत काहीच नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील लोकसंख्या १०.३८ कोटी होती. केंद्राने नेमलेल्या तांत्रिक गटाच्या अंदाजानुसार २०३६ पर्यंत ती २२.७ कोटींच्या घरात जाईल. वृद्धांच्या स्थितीचा २०१७-१८ मध्ये झालेला देशव्यापी अभ्यास सांगतो की, सुमारे सहा टक्के वृद्ध एकटे राहतात. टक्केवारी लहान वाटते, पण आकड्यात ती साठ लाखांच्या पुढे जाते. यांतल्या सर्वांना मदतीची गरज नाही. तथापि ज्यांना आहे त्यांची यादीही कोणाकडे नाही.

अशा माणसापर्यंत शिजवलेले अन्न पोचवण्याचे प्रयोग देशात झालेच नाहीत असे नव्हे. एम. जी. रामचंद्रन यांच्या पौष्टिक भोजन योजनेत १९८३ मध्ये वृद्ध निवृत्तिवेतनधारकांचाही समावेश झाला. मुलांसाठी जिथे भात शिजत होता तिथेच गावातल्या म्हाताऱ्यांचेही पान मांडले गेले. ओडिशात २००१ मध्ये काशीपूर भागात उपासमारीच्या मृत्यूंनी देश हादरला. त्याच वर्षी कालाहांडी-बलांगीर-कोरापूट पट्ट्यातील आठ जिल्ह्यांत वृद्ध, दुर्बल आणि निराधार व्यक्तींना अंगणवाडीतून रोज शिजवलेले अन्न देण्याची योजना आली. दोन्ही ठिकाणी नवे स्वयंपाकघर बांधावे लागले नाही. मुलांसाठी पेटलेल्या चुलीवरच थोडे अधिक शिजवले गेले.

घरपोच जेवणाचा सर्वांत मोठा प्रयोग केरळने मार्च २०२० मध्ये केला. टाळेबंदी लागू झाल्यावर काही दिवसांतच ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी सामुदायिक स्वयंपाकघरे उघडली. प्रभागातील कोणत्या घरात एकटी म्हातारी आहे आणि कोणते घर विलगीकरणात आहे हे वॉर्ड सदस्याला ठाऊक होते. ‘कुटुंबश्री’च्या महिला रांधत आणि स्वयंसेवक डबे पोचवत. त्यातूनच वीस रुपयांत जेवण देणारी ‘जनकीय हॉटेल’ उभी राहिली. तथापि, ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याने थाळीमागचे दहा रुपयांचे अनुदान थांबवले आणि जेवणाचा दर तीस रुपयांवर गेला. स्थानिक स्वराज्य संस्था भक्कम असतील तर घरपोच जेवण शक्य आहे, हे केरळने सिद्ध केले. वरून येणारा पैसा आटला की भक्कम संस्थाही हतबल होते, हेही केरळनेच दाखवले.

ब्रिटनचा धडा

घरपोच जेवण हे स्थानिक स्वराज्य संस्थेचे काम मानण्याची परंपरा ब्रिटनमध्ये जुनी आहे आणि तिची सध्याची अवस्था भारताने पाहण्याजोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, हर्टफर्डशायरमधील वेल्विन गार्डन सिटी येथे महिला स्वयंसेवी सेवेच्या कार्यकर्त्यांनी वृद्धांना घरी गरम जेवण नेऊन देण्यास सुरुवात केली. ही सेवा पुढे ‘मील्स ऑन व्हील्स’ म्हणून देशभर पसरली. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने अशा कामाला स्थानिक कौन्सिलांनी आर्थिक मदत करण्याचा मार्ग मोकळा झाला. १९६२ च्या दुरुस्तीने कौन्सिलांना ती सेवा स्वतः चालवण्याचा अधिकार मिळाला. पण तो अधिकारच राहिला, बंधन झाले नाही. २०१४ च्या सामाजिक सेवा कायद्यातही माणसाची पोषणाची गरज मोजली जाते, मात्र दारात गरम ताट पोचवण्याची सक्ती नाही.

परिणाम काटकसरीच्या काळात दिसला. २०१० नंतर लंडनहून कौन्सिलांना मिळणारा निधी घटत गेला. जिथे कायद्याचे बंधन होते ते खर्च टिकले आणि जिथे केवळ मुभा होती त्यांच्यावर कात्री चालली. सेवाक्षेत्रातील स्वयंपाक व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या पाहणीनुसार २०१४ मध्ये ६६ टक्के कौन्सिलांच्या क्षेत्रात ही सेवा होती. २०१६ मध्ये ते प्रमाण ४८ टक्क्यांवर आले. अनेक कौन्सिलांनी वृद्धांना गोठवलेल्या जेवणाच्या खासगी पुरवठादारांचे पत्ते देऊन आपली जबाबदारी संपली असे मानले. डबा घेऊन येणारा माणूस दार उघडले गेले की नाही, म्हातारी पडली तर नाही ना, हेही पाहत असे. पाकिटातल्या जेवणाबरोबर ती चौकशी येत नाही. ज्या देशाने ही सेवा जन्माला घातली तिथे ही गत होत असेल, तर कोणतेही बंधन नसलेल्या भारतीय महापालिकांकडून काय अपेक्षा ठेवावी, हा प्रश्न रास्त आहे.

जबाबदारी कोणाची, पैसा कोणाचा

घटनेत याचे उत्तर अर्धे लिहिलेले आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील असे अठरा विषय आहेत. समाजातील दुर्बल घटकांच्या, त्यात अपंगांच्याही, हिताचे रक्षण आणि शहरी दारिद्र्य निर्मूलन हे त्यांपैकी दोन. कलम ४१ वृद्धापकाळ, आजारपण आणि अपंगत्व यांत राज्याने सार्वजनिक साहाय्य द्यावे असे सांगते. पण अनुसूचीतील विषय नगरपालिकांना द्यायचे की नाही हे राज्य विधिमंडळाच्या मर्जीवर आहे आणि कलम ४१ मार्गदर्शक तत्त्वांत मोडते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने पालकांच्या अन्नाची जबाबदारी मुलांवर टाकली. ज्याला मूलबाळ वा वारस नाही, त्याच्यासाठी राज्य सरकार वृद्धाश्रम काढू ‘शकेल’ एवढेच म्हटले. घरी मिळणाऱ्या सेवांची चौकट घालू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण सतराव्या लोकसभेबरोबरच ते व्यपगत झाले.

पैशाची बाजू आणखी बोलकी आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या व्यक्तीला केंद्राचा वाटा महिन्याला दोनशे रुपये ठरला तो २००६ पासून. ऐंशीनंतर तो पाचशे होतो. ग्रामविकास खात्याच्या स्थायी समितीने ही रक्कम वाढवण्याची शिफारस पुनःपुन्हा केली आहे. दिवसाला सात रुपयेही न भरणाऱ्या या रकमेत बाहेरचे जेवण घेता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांना दिलेल्या मूळ अनुदानांचा साठ टक्के भाग पाणीपुरवठा आणि स्वच्छतेशी बांधलेला होता. या गरजा खऱ्याच आहेत. पण त्यामुळे भोजनासारख्या कामासाठी महापालिकेच्या हाती मोकळा पैसा क्वचितच राहतो.

खर्च आवाक्याबाहेरचा आहे का, हे साध्या गुणाकाराने पाहता येते. २०११ च्या जनगणनेत बेघरांची संख्या १७.७३ लाख नोंदली गेली. महाराष्ट्राच्या शहरी ‘शिवभोजन’चा पन्नास रुपयांचा हिशेब धरला आणि या प्रत्येकाला वर्षभर रोज एक जेवण पूर्णतः मोफत द्यायचे म्हटले, तर वर्षाला सुमारे ३,२३६ कोटी रुपये लागतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पातील अन्न अनुदान सुमारे २ लाख ३ हजार कोटी रुपयांचे होते. म्हणजे हा खर्च त्याच्या दोन टक्क्यांहूनही कमी भरतो. बेघरांची खरी संख्या जास्त आहे असे मानले, अंथरुणाला खिळलेले एकटे वृद्ध त्यात मिळवले आणि रक्कम दुप्पट केली, तरी ती चार टक्क्यांच्या आतच राहते. तेव्हा अडचण पैशाच्या आकाराची कमी आणि जबाबदारी कोणाच्या नावावर टाकायची याची अधिक आहे.

मार्ग कल्पनेबाहेरचे नाहीत. अन्नसुरक्षा कायद्यात २०११ च्या विधेयकातील वगळलेली कलमे परत आणता येतील. त्यासाठी नवा मसुदा लिहिण्याचीही गरज नाही. शिजवण्याचे काम महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतींकडे, धान्य केंद्राकडे आणि प्रतिताट निश्चित खर्च केंद्र व राज्य यांच्यात वाटून, अशी रचना माध्यान्ह भोजनात दोन दशकांहून अधिक काळ चालत आली आहे. शाळा आणि अंगणवाडीच्या चुली गावोगाव आहेत. घरपोच डब्यासाठी बचत गट आहेत, आणि कोणाच्या घरी डबा न्यायचा हे सांगायला आशा कार्यकर्ती आहे. एखादे राज्य केंद्राची वाट न पाहता आपल्या विधिमंडळात असा कायदा करू शकते. २०२४ च्या निकालाने ती वाट मोकळी ठेवली आहे. पाटीवर नाव कोणाचेही असो, जेवण बंद करायचे असेल तर सभागृहात विधेयक आणावे लागेल, एवढी अट घातली तरी पुष्कळ साधेल.

याविरुद्धचे आक्षेपही निराधार नाहीत. सवलतीच्या योजनांची स्पर्धा राज्यांच्या तिजोऱ्या पोखरत आहे, ही चिंता वित्त आयोगापासून रिझर्व्ह बँकेपर्यंत अनेकांनी मांडली आहे. बनावट थाळ्यांची नोंद करून अनुदान लाटल्याच्या तक्रारी एकाहून अधिक राज्यांत झाल्या आहेत. सरसकट स्वस्त जेवण देण्यापेक्षा गरजूंपुरते मोफत जेवण द्यावे, हा युक्तिवाद आर्थिकदृष्ट्या बिनतोड दिसतो. फक्त गरजू कोण हे ठरवण्यासाठी पुन्हा कार्ड, पत्ता आणि अंगठा मागितला जाईल, आणि ज्याच्यासाठी सारे करायचे तोच पुन्हा रांगेबाहेर राहील. रांगेत उभे राहण्यासाठी कोणताही पुरावा नको, पण घरपोच डब्यासाठी ग्रामसभा वा प्रभाग समितीने नावे ठरवावीत, असा मध्यम मार्ग यातून निघू शकतो.

२०२७ मध्ये नवी जनगणना होत आहे. तिच्या आकड्यांवर अन्नसुरक्षेच्या लाभार्थ्यांची संख्या नव्याने ठरवण्याची मागणी होणार आणि कायदा पुन्हा संसदेसमोर येण्याची शक्यता वाढणार. तेव्हाही चर्चा किती कोटी माणसांना किती किलो यावरच होईल, हे भाकीत करायला राजकीय पंडिताची गरज नाही. बेघरांच्या आणि निराधारांच्या एका जेवणाची आठवण त्या दिवशी कोणत्या बाकावरून निघते, यावर चेन्नईपासून दिल्लीपर्यंतच्या या खिडक्यांचे भवितव्य बरेचसे अवलंबून राहील. तोवर दिल्लीतील पाच रुपयांचे ताट पुढच्या निवडणुकीनंतर कोणाच्या नावाने वाढले जाईल, आणि मुळात वाढले जाईल का, याचे उत्तर मतपेटीकडेच आहे.